मिसळणाच्या डब्यापासून चुंबकाच्या पट्टीपर्यंत

मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. इतिहास म्हटला की गडकिल्ले, लढाया आणि तहनामे. माझे आयुष्य तर चुलीपुढे, स्टोपुढे आणि ओट्यापुढे गेलेले. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी एक लहानसा तह झाला होता. भांडण होते ते मसाल्याच्या डब्यावरून. तेव्हा म्हटले, आपल्याला ठाऊक असलेला इतिहास हाच, तो लिहावा. गिरणगावातल्या आपल्या लहान लहान स्वयंपाकघरांत हळद-तिखटाने आजवर किती वेळा जागा बदलली आणि प्रत्येक वेळी कोणाची सोय झाली, कोणाची गैरसोय झाली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझे लग्न १९७५ साली झाले आणि मी लालबागच्या चाळीत आले. खोली दहा बाय सोळा. एकशेसाठ चौरस फूट. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतल्या खोल्याही साधारण एवढ्याच. याच मापात बसणे, निजणे, बाळंतपण, पाहुणे आणि एका कोपऱ्यात स्वयंपाक. मोरीला लागून दोन फळ्या, फळ्यांखाली पाट, पाटासमोर रॉकेलचा स्टो आणि स्टोच्या उजव्या अंगाला मिसळणाचा डबा. सासूबाई पाटावर बसत आणि न उठता सगळा स्वयंपाक उरकीत. हात लांबवला की फोडणी, मागे वळले की पाणी, डावीकडे विळी. वास्तविक त्या कोपऱ्यात उभे राहण्याची सोयच नव्हती, कारण डोक्याला फळी लागे.

आल्याच्या चौथ्या दिवशी मी डबा घासला आणि भरून ठेवताना जिरे नि मोहरी यांची अदलाबदल केली. सासूबाईंनी वर न पाहता फोडणीला चिमूट टाकली, ती तडतडली नाही, तशा त्या म्हणाल्या, "काय गो, जिऱ्याक मोहरीच्या घरात कित्याक नेऊन ठेयलंस?" त्यांना तेव्हाच एका डोळ्याने कमी दिसू लागले होते, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्या बोटांनी पाहात असत. मध्ये हळद, बारा वाजता मोहरी, तिच्या उजवीकडे जिरे, मग मेथी, धणे-जिऱ्याची पूड, तिखट आणि गोडा मसाला. हिंगाची डबी निराळी. मीठही निराळे, चिनी मातीच्या बरणीत. मला तो नुसता डबा वाटला होता. त्यांच्या दृष्टीने ते पाठ केलेले पुस्तक होते आणि मी त्यातले पानच उलटे लावले होते.

हा डबा गोलच का आणि त्यात वाट्या सातच का, याचे उत्तर मला माझ्या मुलाच्या भूमितीच्या वहीत सापडले. सारख्या आकाराची सात वर्तुळे घेतली तर एक मध्ये आणि सहा भोवती अशी ती एकमेकांना टेकून चपखल बसतात. मोठ्या वर्तुळाचा व्यास लहानाच्या बरोबर तिप्पट ठेवावा लागतो, आणि तळाच्या नऊ भागांपैकी सात भाग वाट्यांनी व्यापले जातात. आठवी वाटी घालावयाची तर सगळ्याच वाट्या लहान कराव्या लागतील. हे गणित कोणा तांबटाने मांडले की कोणा गृहिणीने, याची नोंद कोठे असणार? पण जमिनीवर बसलेल्या बाईने वरून खाली पाहिले की सातही जिन्नस एका दृष्टीत दिसावेत, यासाठी याहून चांगली रचना मला तरी सुचत नाही. हा डबा बसून रांधणारीचा आहे, ही गोष्ट वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावरच उभा आहे.

अर्थात् डब्याच्या आधीही मसाला होताच. माझ्या आजोळी, कोकणात, लाकडी चौफुला होता. त्याला चार कप्पे, आणि झाकणे मधल्या खिळ्यावर फिरणारी. वर्षाचे जिन्नस उतरंडीत असत. सर्वांत मोठे मडके तळाला, सर्वांत लहान माथ्यावर, आणि रोज लागणारी वस्तू माथ्याकडे. भिंतीत देवळी, तुळईला शिंके. तेव्हा भिंतीचा आणि उंचीचा उपयोग ही काही आजची नवी युक्ती नव्हे. त्या चौफुल्यातले तिखट मात्र फार जुने नाही. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला आली. गोवा त्यांच्या ताब्यात गेले ते १५१० साली. त्यापूर्वी आपल्या जेवणात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, आणि नव्या पाहुणीला आपण मिऱ्यांवरूनच मिरची हे नाव दिले. 'मसाला' हा शब्दही अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ सामग्री, जिन्नस असा आहे. मिसळण हा शब्द मात्र आपला घरचा.

पुढे पितळेचे डबे आले. पितळेला कल्हई लागे, आणि आंबट-खारट पदार्थ तिला खात असल्याने कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. ती कटकट संपवली स्टेनलेस स्टीलने. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली यांनी लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद बनवले. आपल्याकडे ते घरोघर पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली, आणि आमच्या चाळीत ते दुकानातून कमी आणि बोहारणीच्या टोपलीतून जास्त आले. आमचा डबाही तसाच आला. यजमानांच्या दोन जुन्या विजारी, माझी एक जरीची साडी आणि एक तास घासाघीस, एवढी त्याची किंमत.

या डब्याची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे यजमान गिरणीत होते. पहिले दोन महिने उमेदीत गेले. मग वाण्याकडून मसाला पुडीने येऊ लागला, आणि पुढे पुडीही बंद झाली. मिसळणाचा डबा म्हणजे घरची जमाखर्चाची वही. झाकण काढले की कोणालाही परिस्थिती दिसते. सासूबाईंनी तीन रिकाम्या वाट्यांत जाडे मीठ भरून ठेवले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, पोरांनी डबा उघडला तर रिकामी वाटी दिसता कामा नये. मीठ स्टीललाही सोडीत नाही. त्या तीन वाट्यांच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले, ते आजही आहेत. त्या दिवसांत आपल्या कितीतरी भगिनींनी खाणावळी चालवून घरे तगवली. खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते, हे आपणांस ठाऊकच आहे. पंधरा-पंधरा गिऱ्हाइकांचे जेवण करणाऱ्या त्या बायकांच्या खोल्याही आमच्या खोलीएवढ्याच होत्या.

आता ओट्याकडे वळते. मुंबईत घरगुती गॅस प्रथम विकला गेला तो १९५५ साली, बर्मा-शेल कंपनीच्या 'बर्शेन' या नावाने. आमच्यासारख्यांचा नंबर लागायला पुढे कैक वर्षे गेली. आमच्याकडे सिलिंडर आला तो १९८१ मध्ये, संपाच्या आदल्या वर्षी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवली पाहिजे असा नियम. आमच्या घरी खालची फळी काढून कडाप्प्याचा ओटा बांधला गेला. धूर गेला, रॉकेलचा वास गेला, स्टोचा भडका उडून पदर पेटण्याची धास्ती गेली. मी तर आनंदाने पेढे वाटले.

मात्र एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. सासूबाईंना पाच-दहा मिनिटांपलीकडे उभे राहवत नसे. पाट गेला तसे त्यांचे राज्यही गेले. डबा ओट्यावर चढला. तो आता वरून दिसेना, बाजूने दिसू लागला, आणि बाजूने पाहिले तर सगळ्या वाट्या सारख्याच. त्या भिंतीला टेकून बसत आणि "मोहरी तडतडली नाय अजून" असे तेथूनच सांगत. मला त्याचा राग येई. आज त्याचेच वाईट वाटते. त्या १९९३ साली गेल्या. शेवटची बारा वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने फोडणी दिली नाही, आणि हे कोणी ठरवून केले नव्हते. ते केवळ एका कडाप्प्याने केले.

लहान स्वयंपाकघराचा प्रश्न एकट्या मुंबईलाच पडला असेही नाही. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर घरांची फार टंचाई होती. फ्रांकफुर्ट शहराने कामगारांसाठी घरे बांधली तेव्हा त्यांतील स्वयंपाकघर आखण्याचे काम मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या बाईंकडे होते. त्यांनी १९२६ साली आखलेले स्वयंपाकघर सुमारे साडेसहा चौरस मीटरचे, म्हणजे सत्तर चौरस फुटांचे. आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर त्यांनी नमुन्यादाखल डोळ्यांपुढे ठेवले होते. डाळी-साखरेसाठी नावे लिहिलेले अॅल्युमिनियमचे खण, आणि पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्याला कीड लवकर लागत नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. मला त्यातली सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे एक फिरते स्टूल. उभ्याने करावयाच्या स्वयंपाकघरातही बाईला बसता आले पाहिजे हे त्या बाईंना सुचले. आमचा ओटा बांधणाऱ्या मिस्त्रीला ते सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

यानंतर चुंबक. चुंबक आपल्याला नवा नाही. सुश्रुताने शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्यास अयस्कांत वापरावा असे म्हटले आहे. पण स्वयंपाकघरात चुंबक शिरला तो रेफ्रिजरेटरच्या दारातून, आणि त्यामागे एक दुःखद कथा आहे. जुन्या रेफ्रिजरेटरांना बाहेरून कडी असे. अमेरिकेत मुले खेळता खेळता टाकून दिलेल्या रेफ्रिजरेटरांत लपत आणि आतून दार न उघडल्यामुळे गुदमरून मरत. म्हणून तेथे १९५६ साली कायदा झाला की दार आतून ढकलले तर उघडलेच पाहिजे. कडी गेली आणि दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी आली. आपल्या देशात गोदरेजने १९५८ साली रेफ्रिजरेटर बनवण्यास आरंभ केला. घरात लोखंडी पत्र्याचे मोठे दार आले की त्यावर काहीतरी चिकटवण्याची हौस आपोआपच येते. पुढे १९८३-८४ च्या सुमारास जपानात आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी निओडिमियम नावाच्या धातूपासून फार जोरकस चुंबक तयार झाला. नखाएवढा तुकडा मसाल्याची भरलेली डबी भिंतीवर धरून ठेवतो. चुंबकाच्या पट्ट्यांना जोर आला तो यामुळे.

२०१९ साली आम्ही पुनर्विकासाच्या इमारतीत राहावयास गेलो. खोल्या वाढल्या, पण स्वयंपाकघर आठ बाय सहाचेच. गेल्या वर्षी सूनबाईंनी गॅसच्या मागच्या भिंतीवर लोखंडी पट्टी ठोकून तिच्यावर काचेच्या झाकणाच्या बारा डब्या लावल्या. खालून चुंबक, वरून काच, प्रत्येकीवर इंग्रजीत नाव. दिसायला फार देखणे. ओटा मोकळा झाला, आणि बारा डब्यांना मिळून ओट्यावरची टीचभरही जागा लागेना. मी कौतुक केले. मनातून मात्र मी धास्तावले होते, कारण वरच्या ओळीपर्यंत माझा हात पोहोचत नव्हता. माझे गुडघे गेलेले आहेत, आणि स्टुलावर चढण्यास डॉक्टरांची मनाई आहे.

दोन महिन्यांत तिखटाचा रंग विटकरी झाला आणि हळद फिकी पडली. सूनबाई दुकानदाराला दोष देऊ लागल्या. मी म्हटले, थोडे थांबा. एकाच बरणीतले तिखट दोन बाटल्यांत भरले, एक खिडकीत उन्हाला ठेवली आणि एक कपाटात. दीड महिन्याने दोन्ही शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या दोन बहिणी असाव्यात असे कोणी म्हणाले नसते. हळदीचा आणि मिरचीचा रंग उजेडाने उडतो. पूड केलेल्या मसाल्याचा वास उष्णतेने उडतो. वाफ लागली की गुठळ्या होतात. म्हणून तर आपण एप्रिल-मेमध्ये डंखावर कुटून आणलेला मसाला चिनी मातीच्या बरणीत दाबून भरतो, वर हिंगाचे खडे ठेवतो, दादरा बांधतो आणि बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. वांद्रे-वसईकडच्या ईस्ट इंडियन भगिनी आपला 'बाटली मसाला' बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. त्याचे मर्मही हेच. काळ्या काचेतून उजेड शिरत नाही. शिवाय सर्वसाधारण निओडिमियम चुंबकाचा जोर ऐंशी अंशांपुढे ओसरू लागतो, तेव्हा त्याच्याही दृष्टीने गॅसमागची भिंत वाईटच.

सूनबाईंनी मग माझा जुना डबाच पट्टीला लावून पाहिला. तो चिकटेना. चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते, आणि त्या निकेलमुळे ते चुंबकाला दाद देत नाही. बोहारणीने फसवले नव्हते तर! मात्र भगिनींनी एवढ्यावरून स्टीलची परीक्षा करू नये. निकेल कमी करून मँगनीज घातलेले हलके स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

तह झाला तो असा. पट्टी गॅसपासून काढून कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर लावली. तेथे उजेड नाही आणि वाफ नाही. काचेची झाकणे जाऊन पत्र्याची आली. नावे मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिली. वेलदोडे, जायफळ, दगडफूल, चक्रीफूल असे कधीमधी लागणारे जिन्नस तेथे. रोजचे सात जिन्नस डब्यातच. ओट्याच्या एका टोकाला सूनबाईंनी खालचा खण काढून टाकून पाय सरकतील एवढी जागा केली आणि स्टूल ठेवले. त्यावर बसले की डबा मला पुन्हा वरून दिसतो. नातवंडे लहान आहेत म्हणून सुटलेला प्रत्येक चुंबक ताबडतोब उचलून ठेवतो, कारण दोन चुंबक पोटात गेले तर आतडे चिमटून जिवावर बेतू शकते. ज्यांच्या हृदयाला यंत्र बसवलेले आहे त्यांनीही असे जोरकस चुंबक छातीजवळ नेऊ नयेत.

असो. जुने ते सोने असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. स्टो गेला हे उत्तमच झाले, आणि चुंबकाच्या पट्टीनेही माझा ओटा मोकळा केला. मला एवढेच वाटते की नवी वस्तू घरात येते तेव्हा ती कोठे शोभेल हे आपण पाहतो, पण तिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचणार नाही हे पाहत नाही. १९८१ साली मी ते पाहिले नव्हते. गेल्या वर्षी सूनबाईंनी ते पाहिले, तेही मी न सांगता. मी वरच्या ओळीतले जायफळ घेण्याचे टाळते आहे आणि खीर तशीच करते आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते.

वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात यंदा जुन्या स्वयंपाकघराचा एक कोपरा मांडण्याचे ठरले आहे. ज्यांच्या घरी चौफुला, पितळी डबा, दादऱ्याच्या बरण्या असतील त्यांनी त्या अवश्य आणाव्यात. घासूनपुसून नवे करण्याची गरज नाही. मी माझा डबा आणणार आहे. त्यातल्या खड्डे पडलेल्या तीन वाट्या मोहरी, जिरे आणि मेथीच्या आहेत. पाहुण्या भगिनींनी त्या हातात घेऊन तळाशी बोट फिरवून पाहावे.